चाकसूहून दिसणारं जयपूर

कुठलं शहर राहायला चांगलं, हा वाद मराठीत जुना आहे. मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, हा पु. ल. देशपांड्यांचा प्रश्न घरोघरी पोचला. पण त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, मडगावहून मुंबईत आलेल्या गोविंद नारायण माडगांवकरांनी मुंबईचं वर्णन लिहिलं, आणि पाठोपाठ १८६८ साली नारायण विष्णू जोशी यांनी पुण्याचं. तेव्हापासून आपण शहरं त्याच मापांनी मोजत आलो आहोत: पाणी कसं, हवा कशी, भाडं किती, माणसं बोलायला कशी. मीही तशीच मोजत असे. ही मापं अपुरी आहेत असं मला वाटायला लागलं ते चाकसूला.

चाकसू जयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर, टोंक-कोट्याच्या रस्त्यावर आहे. जुनं नाव चाटसू. गुहिल राजा बालादित्याचा, साधारण दहाव्या शतकातला शिलालेख इथे सापडला. म्हणजे जयपूर वसलं तेव्हा हे गाव सातशे वर्षांहून जुनं होतं. आज लोक येतात ते ‘शील की डूंगरी’ या टेकडीवरच्या शीतलामातेसाठी. तिथल्या चैत्र कृष्ण अष्टमीला, म्हणजे आपल्या पंचांगाच्या फाल्गुन वद्य अष्टमीला, मोठी जत्रा भरते. त्या दिवशी चूल पेटत नाही. आदल्या दिवशी केलेलं थंड अन्न देवीला दाखवतात आणि तेच खातात. मी जयपूरला गेले होते एका जुन्या अनुवादकाच्या शोधात, पण जत्रेचा दिवस निघाला म्हणून चाकसूला आले.

चहाच्या टपरीवर तीन तरुणांचा वाद रंगला होता. एक मुंबईत संगमरवर बसवण्याच्या कामावर, दुसरा दिल्लीहून परतलेला, तिसरा जयपूरच्या सीतापुऱ्यात कारखान्यात. मुंबईवाल्याच्या मते मुंबईसारखं शहर नाही. दिल्लीवाल्याच्या मते दिल्लीइतकं वाईट शहर नाही. सीतापुऱ्याचा म्हणत होता, रात्री घरी येता येतं, आणखी काय पाहिजे? बाकावरचे एक आजोबा बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “पहली बार गए थे, तब स्टेशन पर लेने कौन आया था?” मुंबईवाल्याला काका आले होते. दिल्लीवाल्याला कोणीच नाही. पहिल्या चार रात्री त्याने फलाटावर काढल्या होत्या. आजोबा पुढे काही बोलले नाहीत. वाद तिथेच थांबला.

मला मात्र त्या प्रश्नाने पुन्हा जयपुरात नेलं, अठराव्या शतकातल्या.

सवाई जयसिंहाने नोव्हेंबर १७२७ मध्ये जयपूरचा पाया घातला. राजधानी तोवर आमेरला, डोंगराच्या कुशीत होती. नवं शहर सपाटीवर, चौकटीत आखलेलं: सरळ रुंद रस्ते, काटकोनात मिळणारे चौक, ओळीने दुकानं. या कामात बंगालचे विद्याधर भट्टाचार्य होते. व्यापाऱ्यांना बोलावणी गेली, आणि पंडितांनाही. शहराच्या उत्तरेला ब्रह्मपुरी वसली. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पुंडरीक हे मूळ महाराष्ट्रातल्या महाशब्दे घराण्यातले. त्या घराण्याच्या नावाची, भित्तिचित्रांची हवेली ब्रह्मपुरीत अजून उभी आहे.

आणि माझा अनुवादक: जगन्नाथ सम्राट, मराठी ब्राह्मण. त्याने युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली, आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ ‘सम्राट-सिद्धान्त’ म्हणून. दोन्ही ग्रंथ ग्रीकमधून नव्हे, नसीरुद्दीन तूसीने केलेल्या अरबी संस्करणांतून. अरबीतलं ‘अल-मजिस्ती’ त्याच्या संस्कृतात ‘मिजास्ती’ झालं. परका शब्द लपवला नाही, फक्त बसायला जागा करून दिली. माझ्या धंद्यातलं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. त्याचं ‘रेखागणित’ छापलं गेलं ते विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये.

१७३५ साली बाजीरावाच्या आई राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेला निघाल्या, तेव्हा जयसिंहाने त्यांचंही जयपुरात मोठं आदरातिथ्य केलं. पुढल्याच वर्षी जयसिंह आणि बाजीराव यांची किशनगडजवळ भेट झाली. या मराठी माणसांना विचारलं असतं तर त्यांनी जयपूरची तारीफच केली असती.

आता त्याच शहराची दुसरी तारीख. १७४३ मध्ये जयसिंह वारला. गादीसाठी ईश्वरीसिंह आणि माधोसिंह या भावांत झगडा लागला आणि मराठी फौजा त्यात उतरल्या. १७४८ च्या बगरूच्या लढाईत मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने होते. मग खंडणीचा तगादा. डिसेंबर १७५० मध्ये मराठे पुन्हा चालून आले तेव्हा पैसा उभा करता न आलेल्या ईश्वरीसिंहाने विष घेतलं. माधोसिंह गादीवर आला, जयाप्पा शिंदेही येऊन पोचले, मागण्या वाढल्या.

१० जानेवारी १७५१. छावणी शहराबाहेर होती. काही हजार मराठे त्या दिवशी वेशीतून आत गेले, ते लढायला नव्हे: देवळं पाहायला, बाजारहाट करायला, एवढं नाव ऐकलेलं नवं शहर डोळ्यांनी बघायला. दुपारी लोक उठले. वेशी बंद झाल्या आणि कत्तल सुरू झाली. काहींनी तटावरून उड्या टाकल्या आणि हातपाय मोडून घेतले. इतिहासकार मृतांचा आकडा तीन हजारांच्या आसपास धरतात.

जगन्नाथ आला त्या काळापासून इथवर तीसेक वर्षंही झाली नव्हती. रस्ते तेच, वेशी त्याच. ज्या आखणीचं आज कौतुक होतं, जिच्यामुळे २०१९ साली युनेस्कोने जयपूरला जागतिक वारशात घेतलं, तिचाच तट त्या दुपारी पिंजरा झाला. शहराचे गुण आणि दोष असे दोन रकान्यांत मांडता येत नाहीत.

यात एकाला निष्पाप आणि दुसऱ्याला क्रूर ठरवणं सोपं आहे, पण खरं नाही. जयपूरकरांनी काही वर्षं खंडणी भोगली होती, आणि आपला राजा विष घेऊन मेलेला पाहिला होता. त्यांना शहर बघायला आलेला शिपाई आणि खंडणी मागणारा सरदार वेगळे दिसले नाहीत. पण मागण्या ठरवणारे सरदार छावणीत होते, आणि मेले ते बहुतेक ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं असे लोक. जगन्नाथाला शहराने बोलावलं होतं. यांना कोणीच बोलावलं नव्हतं. अर्थात बोलावणंही कायमचं नसतं. जयसिंहाबरोबर वेधशाळेच्या कामाचाही जोर ओसरला.

हे सगळं अठराव्या शतकात ठेवून देता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला उत्तरेतून आलेल्या मुलांना मुंबईत परीक्षाकेंद्रांवर मारहाण झाली. ती मुलं फौज घेऊन आली नव्हती. हातात प्रवेशपत्र होतं, म्हणजे एका अर्थी बोलावणंच होतं. त्या दिवशी वेशीवर आपण होतो. मुंबई किती मोकळी, किती माणसांना सामावून घेणारी, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खोटं नाही. फक्त ते कोणाला विचारायचं, यावर उत्तर ठरतं. काका घ्यायला आलेल्या मुलाचं उत्तर आणि फलाटावर झोपलेल्याचं उत्तर, दोन्ही त्याच शहराबद्दलची असू शकतात.

टपरीवरून उठताना सीतापुऱ्याच्या मुलाने मला विचारलं, मॅडम, तुम्हाला जयपूर कसं वाटलं? हवा, रस्ते, मिठाई, हवेल्या, असं बरंच ओठांवर आलं होतं. आजोबा माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, चांगलं वाटलं. मला स्टेशनवर घ्यायला माणूस आला होता.