जीवोत्पत्ती : भौतिकीय उपपत्ती

निर्जीव रासायनिक द्रव्यांतून सजीव संघटना कशी उदयास आली, या प्रश्नाचा ऊष्मागतिकी आणि जटिल प्रणालींचे शास्त्र यांच्या आधारे केलेला विचार. ओपारिन (१९२४) व हॉल्डेन (१९२९) यांनी आद्य पृथ्वीवर सेंद्रिय द्रव्ये आपोआप निर्माण झाली असावीत असे प्रतिपादिले आणि स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या पाडून ॲमिनो अम्ले मिळविली. तथापि घटकद्रव्ये हाती आली, एवढ्याने त्यांच्या संघटनेचा खुलासा होत नाही.

ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमानुसार विलग प्रणालीतील एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) कधीही घटत नाही, म्हणून सजीवांची सुव्यवस्था या नियमाच्या विरुद्ध जाते, अशी हरकत पुष्कळदा घेतली जाते. परंतु सजीव हा विलग नसून परिसराशी द्रव्य व ऊर्जा यांची अखंड देवघेव करीत असतो, आणि स्वतःची सुव्यवस्था राखताना परिसराची एन्ट्रॉपी वाढवितो, हे एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३ च्या डब्लिन येथील व्याख्यानांत विशद केले. समतोलापासून दूर असलेल्या प्रणालीत ऊर्जेचा प्रवाहच नवी रचना घडवू शकतो, हा सिद्धांत इल्या प्रिगोझिन (नोबेल पारितोषिक, १९७७) यांनी मांडला. द्रवाचा पातळ थर खालून तापविला असता तापमानांतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच त्यात षट्कोनी अभिसरण-कोश उमटतात, हा त्याचा प्रसिद्ध दाखला होय.

जटिलतेच्या अंगाने स्ट्युअर्ट कॉफमन यांनी असे सुचविले, की रेणूंचे वैविध्य पुरेसे वाढले म्हणजे परस्परांच्या निर्मितीस उत्प्रेरक ठरणारा, स्वतःस पोसणारा रेणुसमुच्चय उद्‌भवणे संभवनीय होते. मान्फ्रेट आयगेन यांनी १९७१ मध्ये दुसरी अडचण पुढे आणली : नकल करताना चुकांचे प्रमाण अधिक असेल, तर लांब रेणुसाखळीतील माहिती पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही; आणि अचूक नकलेस लागणारी विकरे तर अशा लांब साखळीवाचून घडत नाहीत. आरएनए रेणू माहिती वाहतो व उत्प्रेरणही करतो, या चेक व ऑल्टमन यांच्या शोधाने (नोबेल पारितोषिक, १९८९) ही अडचण काहीशी सौम्य झाली.

उष्णता काढून घेताच अभिसरण-कोश वारस न ठेवता नाहीसे होतात. सजीव मात्र आपल्या रचनेचा दस्तऐवज पुढील पिढीच्या हवाली करतो. यास्तव ऊर्जाप्रवाहातून उपजलेली सुव्यवस्था आनुवंशिकतेशी कोणत्या टप्प्यावर व कशी जोडली गेली, हे प्रयोगाने दाखविणे, हीच या उपपत्तीची खरी कसोटी होय.