वॉरंटी संपल्यावर लॅपटॉप बंद पडला, तर ग्राहकाचा हक्कही संपतो का?

मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी घरात ८०-९० हजारांचा लॅपटॉप येतो. थोडे पैसे भिशीचे, बाकीचे हप्त्यावर. वर्षाची वॉरंटी संपते आणि तेराव्या-चौदाव्या महिन्यात स्क्रीन काळी पडते. सर्व्हिस सेंटरवाला सांगतो, "मदरबोर्ड गेला, ३५ हजार लागतील. वॉरंटी संपली, आता आमच्या हातात काही नाही." हप्ते मात्र अजून चालूच असतात. असे झाले की बहुतेक घरांत लोक नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. गप्प बसण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू या.

आधी कडू भाग सांगतो. वॉरंटी संपल्यावर मोफत दुरुस्तीचा हक्क आपोआप राहत नाही. युरोपीय संघात नव्या वस्तूवर विक्रेत्याची किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, तशी ठरलेली मुदत आपल्याकडे नाही. लॅपटॉप पडला, चहा सांडला, बॅटरी वापरून थकली, तर खर्च आपलाच.

पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' म्हणजे काय हे सांगताना वॉरंटीच्या तारखेची अट घातलेली नाही. वस्तूच्या दर्जात किंवा कामगिरीत असायला हवी ती गोष्ट नसेल, तर तो दोष. बनावटीतलीच चूक वर्षभर लपून राहिली आणि नंतर उघडी पडली, तर तक्रार करता येते. कंपन्याही हे कधीकधी मान्य करतात. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आपल्या काही मॅकबुकचे कीबोर्ड खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत मोफत दुरुस्त करून देण्याची योजना काढली होती. त्यांची मूळ वॉरंटी एकच वर्षाची होती. म्हणून आपल्या मॉडेलचे नाव टाकून अशी एखादी योजना आहे का, हे कंपनीच्या वेबसाइटवर आधी शोधा.

खरी अडचण असते पुराव्याची. दोष मूळचाच होता, हे ग्राहकाला दाखवावे लागते. इथे सगळ्यात कामाचा कागद म्हणजे जॉब शीट. वॉरंटी चालू असताना लॅपटॉप तापतो, मध्येच बंद होतो अशी तक्रार एकदा जरी नोंदवली असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम होते, कारण बिघाडाची सुरुवात वॉरंटीतच झाली होती हे कागदावर दिसते. आपल्याकडे लोक काउंटरवर तोंडी सांगून परत येतात आणि नेमके तिथेच फसतात. जॉब शीट मागूनच घ्या. "सॉफ्टवेअर टाकून दिलंय, आता चालेल" असे म्हणाले तरी तेही लिहून मागा. वॉरंटीनंतर पैसे देऊन केलेली दुरुस्तीसुद्धा कायद्याने 'सेवा' आहे. तोच बिघाड पुन्हा झाला, तर त्रुटीयुक्त सेवेची वेगळी तक्रार होते. मात्र त्यासाठी पक्के बिल हवे. (लॅपटॉप देण्याआधी मुलांचे प्रोजेक्ट, फोटो दुसरीकडे कॉपी करून ठेवा. डेटा गेला तर जबाबदारी सहसा कोणी घेत नाही.)

सुरुवात कंपनीला ईमेल करून करा. बिल, सिरियल नंबर, जॉब शीट जोडा आणि बिघाडाचे कारण लेखी मागा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावा, मराठीत बोलता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी बोलून तोडगा काढते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, म्हणजे जुन्या बोलीतला ग्राहक मंच. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. दुकान मुंबईत आणि तुम्ही रत्नागिरीत असलात तरी आता राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते. ऑनलाइनही दाखल करता येते. कंपनी आणि विक्रेता, दोघांनाही प्रतिवादी करा.

गरज पडल्यास आयोग लॅपटॉप प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो. त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते. बाहेरच्या जाणकार इंजिनिअरचा लेखी अहवाल आधीच जोडला तर बरे. कायद्याने निकाल ३ महिन्यांत आणि तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात त्याहून जास्त धीर धरायची तयारी ठेवा. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत अर्ज जायला हवा. कंपनीशी ईमेल चालू आहेत म्हणून ही मुदत वाढत नाही, हे अनेकांना माहीत नसते.

आखातातून मामा किंवा चाचा लॅपटॉप घेऊन येतात, त्याची गोष्ट वेगळी. दुबईच्या दुकानाविरुद्ध इथे दाद मागणे फार कठीण. म्हणून तिथे पैसे देण्याआधीच वॉरंटी भारतात चालेल का ते विचारायला सांगा, आणि बिल बॅगेत नीट आणायला सांगा.