डॉक्टर होण्याच्या अटी

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय माझाच, म्हणजे सिव्हिल. पुढे पीएचडी करायची की सरळ नोकरी धरायची, या विचारात सध्या घरादाराची झोप उडवते आहे. तिने अमेरिकेतल्या दोन आणि इथल्या एका संस्थेचे नियम एका कागदावर उतरवून घेतले होते आणि त्याचा फोटो मला पाठवला होता. म्हणाली, "मामा, यातली एकेक अट कशासाठी आहे ते सांग ना. नुसतं वाचूनच धडकी भरते."

मी म्हटलं, उद्या सांगतो. आणि सांगायच्याऐवजी लिहायलाच बसलो. तेव्हा हे लिखाण मुळात तिच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तर आनंदच आहे.

कागदावर काय काय होतं? पदव्युत्तर पदवी आणि तिच्यात अमुक गुण. तीन शिफारसपत्रं. आपल्याला हे का करायचंय याचं दोन पानी निवेदन. टोफेल. जी.आर.ई.च्या पुढे 'गरज नाही' असं लिहून दोन उद्गारचिन्हं. मग प्रवेशानंतरच्या अटी: कोर्सवर्क, क्वालिफायर, प्रिलिम, प्रबंध आणि शेवटी डिफेन्स.

ही यादी माझ्या चांगल्याच ओळखीची आहे. १९९१ साली मी अशीच एक यादी घेऊन अमेरिकेत गेलो होतो. अप्पांनी त्याच वर्षी दारावरची नवी पाटी करून घेतली आणि माझ्या नावाआधी दोन अक्षरांची जागा मोकळी सोडायला सांगितली. घरच्या मंडळींना ती पाटी आठवत असेल. त्या जागेचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

'डॉक्टर' म्हणजे लॅटिनमध्ये शिकवणारा. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांमध्ये ही पदवी म्हणजे शिकवायचा परवाना असे, आणि परवान्याला त्यांचा शब्द 'लिसेन्शिया'. आता गंमत बघा. आपल्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, पूर्वी सिव्हिलच्या मुलांना मिळायची ती पदवी एल.सी.ई., लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग. तोच शब्द! विश्वेश्वरय्या १८८३ साली या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. आपल्याकडे हा परवाना शिकवायचा नव्हता, कामावर रुजू व्हायचा होता. खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे आपण सगळे शाळेत शिकलो. त्यांच्या नावामागे पुढे डॉक्टरेट लागल्या त्या सन्मानाच्या. प्रबंध लिहून मिळवलेली एकही नाही.

मग ही प्रबंधाची भानगड कुठून आली? तर जर्मनीतून. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं आणि एकोणिसाव्या शतकात तिथल्या विद्यापीठांनी डॉक्टरेटचा अर्थच बदलून टाकला. जुनं ज्ञान पाठ आहे एवढं पुरेना, नवं काहीतरी स्वतः शोधून दाखवा, अशी अट आली. पण ही मुभा विद्यापीठांना होती, इंजिनियरांच्या तंत्रशाळांना नव्हती. पूल बांधणं, पाटबंधारे काढणं ही कारागिरी आहे, ज्ञान नव्हे, असं विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं म्हणणं. पुढे कैसर दुसरा विल्हेल्म यांनी ऑक्टोबर १८९९ मध्ये हुकूम काढून प्रशियातल्या तंत्रशाळांना डॉक्टरेट द्यायचा अधिकार दिला, तो बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या तंत्रशाळेच्या शताब्दीच्या मुहूर्तावर.

त्या पदवीच्या अटी वाचून मी चाटच पडलो. शाळा संपल्याचा पक्का दाखला हवा. 'डिप्लोम-इंजिनियर' ही पदवी हवी. प्रबंध हवा. तोंडी परीक्षा हवी. भाचीच्या कागदाशी ताडून पाहिलं, सांगाडा तोच आहे की! सव्वाशे वर्षं झाली.

आणि एक बारीक खोच. विद्यापीठांच्या पदव्या लॅटिनमध्ये असत. इंजिनियरांची पदवी मात्र जर्मन भाषेत, जर्मन लिपीत आणि मध्ये आडवी रेघ देऊन लिहायची: डॉक्टर-इंजिनियर. म्हणजे पंगतीला बसवलं, पण पान वेगळं मांडलं. त्या काळी ती रेघ फरक कळावा म्हणून होती. आज जर्मनीतले इंजिनियर तीच रेघ अभिमानाने लिहितात.

अमेरिकेने पीएचडी जर्मनीकडून उचलली. येल विद्यापीठाने तिथल्या पहिल्या पीएचडी दिल्या १८६१ मध्ये. १८६३ साली तिथेच विलार्ड गिब्ज यांना मिळाली, ती इंजिनियरिंगमधली अमेरिकेतली पहिली मानतात. विषय काय, तर गियरच्या दात्यांचा आकार. हेच गिब्ज पुढे थर्मोडायनॅमिक्समध्ये अजरामर झाले. दात्यांचा नंतर कोणी विचारलाही नाही :)

जर्मनीची छाप एवढी, की अमेरिकेत पीएचडी करणाऱ्याला जर्मन आणि फ्रेंच वाचता येतं हे परीक्षा देऊन दाखवावं लागे. ही अट ऐकून भाची हसली, पण ती वेडगळ नव्हती. कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मातीच्या यांत्रिकीवरचं मूळ पुस्तक लिहिलं ते जर्मनमध्ये. आज पायाचं डिझाइन करताना आपण माती किती दबेल, किती दिवसांत दबेल हे काढतो, त्याची सुरुवात त्या पुस्तकात आहे. जर्मन न येणाऱ्याला ते बंदच होतं. पुढे इंग्रजीचा पसारा वाढला आणि १९६०-७० च्या सुमाराला ही अट ढिली होत गेली. काही विद्यापीठांनी तर एका परकीय भाषेऐवजी फोरट्रान चालेल म्हणून सांगितलं! पुढे बहुतेक इंजिनियरिंग विभागांनी ती काढूनच टाकली. तोवर १९६४ मध्ये टोफेल सुरू झाली होती. आधी तिथल्या मुलांना आमच्या संशोधनाची भाषा यावी असा जर्मनांचा दबदबा, मग आमच्या मुलांना तिथली भाषा यावी अशी अट. काटा कुठे झुकला ते दिसतं.

जी.आर.ई.चंही तसंच. १९३६ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांच्यासाठी ती प्रयोग म्हणून सुरू झाली. आमच्या पिढीने तिच्यापायी शब्दांच्या याद्या घोकल्या, सकाळी दात घासताना, रात्री बसच्या रांगेत. आणि २०२० च्या साथीनंतर कितीतरी विभागांनी 'गरज नाही' म्हणून टाकलं. घोकलेले शब्द आता कोण परत घेणार?

आपल्याकडे पीएचडी आली ती ब्रिटनमार्गे. ब्रिटनमध्ये ती बरीच उशिरा, ऑक्सफर्डने १९१७ मध्ये सुरू केली. जर्मनीला जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे वळावेत, हा त्यामागचा एक हेतू. ब्रिटिश पद्धतीत वर्गात बसणं नाही, थेट प्रबंध. म्हणून आपल्या विद्यापीठांतही मार्गदर्शक आणि विद्यार्थी, बाकी राम राम, असंच बरीच वर्षं चाललं. १९७० मध्ये इंजिनियरिंग कॉलेजातल्या शिक्षकांसाठी क्यू.आय.पी. योजना आली, पगार चालू ठेवून एम.टेक. किंवा पीएचडी करायची. आमच्या कितीतरी सरांनी त्यातूनच केली, बायकामुलांना मागे ठेवून. यूजीसीने २००९ च्या नियमांत प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं केलं. प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापून यायलाच हवा, असंही त्याच नियमांत आलं. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. त्या नियमांत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं आणि मुदत कमीत कमी ३ वर्षं, साधारणपणे जास्तीत जास्त ६.

म्हणजे बघ, अटी येतात आणि जातात. भाषा गेली, जी.आर.ई. गेली, छापील निबंधाची सक्ती आली आणि गेली. तेव्हा या अटींकडे दगडावरची रेघ म्हणून बघू नकोस. पण जर्मनांची ती एक अट मात्र हलली नाही: स्वतःचं काहीतरी शोधा आणि चारचौघांसमोर त्याची उत्तरं द्या.

आता तिचा दुसरा प्रश्न. "एवढं करून काय होतं? मोठे इंजिनियर काय पीएचडीमुळे मोठे झाले?"

प्रामाणिक उत्तर: कधी हो, कधी नाही. हार्डी क्रॉस यांचंच घे. आम्ही पाणीपुरवठ्यात लूपची गणितं करायचो ती यांच्याच पद्धतीने, रात्र रात्र कॅल्क्युलेटर बडवत. त्यांनी मिळवलेली शेवटची पदवी हार्वर्डची मास्टर्स. १९३० मध्ये त्यांनी चौकटींमधले मोमेंट वाटत जायची रीत सांगितली, ती अवघ्या दहा पानांत. त्यावर इतरांनी केलेली चर्चा शंभराहून जास्त पानं झाली! हेच क्रॉस इलिनॉयला शिकवत होते आणि त्यांच्याच तालमीतले न्यूमार्क १९३४ मध्ये तिथून पीएचडी झाले.

त्याच इलिनॉयला १९५२ मध्ये ढाक्याचा फजलूर खान नावाचा मुलगा फुलब्राइट घेऊन गेला. तीन वर्षांत दोन मास्टर्स आणि एक पीएचडी. प्रबंधाचा विषय प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तुळया. आणि नाव झालं ते कशामुळे? शिकागोच्या हॅनकॉक आणि सिअर्स टॉवरमुळे, म्हणजे पोलादाच्या उंच इमारती नळीसारख्या उभ्या करायच्या कल्पनेमुळे. तुळयांचा तिथे थेट संबंध नाही. पण स्वतःचा प्रश्न मांडायची सवय तुळयांवर लागली असणार, असं मला वाटतं.

आणि माओ यीशेंग. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटने दिलेली अगदी पहिली पीएचडी, १९१९, सिव्हिलमध्ये, या चिनी तरुणाला. विषय पुलांच्या सांगाड्यातले दुय्यम ताण. चीनला परत जाऊन त्यांनी हांगचौजवळ छिएनथांग नदीवर रेल्वे आणि रस्ता दोन्ही नेणारा पूल बांधला. १९३७ च्या शरदात तो सुरू झाला. जपानी फौजा जवळ येत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, माओंनी आपला पूल सुरुंग लावून पाडायला मदत केली. कुठे किती दारू ठेवली की तो पडेल, हे बांधणाऱ्याइतकं कोणाला कळणार? युद्धानंतर त्यांनीच तो पुन्हा उभा केला. आज तो तिथे आहे. याची परीक्षा कुठल्याच यादीत नसते.

आता माझ्या पाटीचं सांगतो.

माझं कोर्सवर्क झालं. क्वालिफायर पहिल्या खेपेला घसरला, दुसऱ्या खेपेला निघाला. मग प्रिलिम आली, म्हणजे आपण काय शोधणार ते समितीसमोर मांडायचं. मी चाळीस स्लाइड करून नेल्या होत्या. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी दहाव्या मिनिटाला थांबवलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "हे सगळं ठीक आहे. पण तुझा प्रश्न कोणता?" मी माझ्या मार्गदर्शकांचा प्रश्न सांगितला. त्या म्हणाल्या, "हा त्यांचा. तुझा?" माझ्याकडे नव्हता. खरंच नव्हता. मला पाटीवरची जागा भरायची होती, एवढंच होतं.

सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. मी गेलो नाही. १९९५ मध्ये मास्टर्स घेऊन परत आलो आणि पुण्यात नळपाणी योजनांच्या कामाला लागलो. कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की पैसे संपले, फंडिंग गेलं. आईलाही तेच सांगितलं. आज इथे पहिल्यांदा खरं लिहितोय. काकांनी आणि मावशीने रागावू नये.

अप्पांनी ती पाटी बदलली नाही. मी त्यांना दोनदा म्हटलं. ते म्हणाले, राहू दे, अक्षरं मोकळी बरी दिसतात. ते गेल्यावर घर विकलं तेव्हा पाटी मी काढून आणली. माझ्या कपाटात आहे.

तर भाचीबाई, गुण, पत्रं, टोफेल, क्रेडिट, क्वालिफायर, हे सगळं तुला जमेल. आमच्या घरात तुझ्याइतकं गणित कोणाचंच नाही. त्या यादीला घाबरू नकोस. फक्त अर्ज भरायच्या आधी एका कोऱ्या कागदावर तुझा प्रश्न लिही. सरांचा नको, मामाचा तर नकोच. एका ओळीत येत नसेल तर दोन वर्षं साइटवर जा, चिखलात उभी राहा, मग पुन्हा लिहून बघ. पीएचडी कुठे पळून जात नाही.

आणि आला, तर मला फोन कर. रात्री कितीही वाजता.