२५४ पत्त्यांचे कूळ
छोटा दवाखाना असो की दहा टेबलांचे ऑफिस, राउटरमध्ये बहुधा २५५.२५५.२५५.० हाच मास्क सापडतो. म्हणजे २५४ उपकरणांची सोय. हा आकडा कोणाची गरज मोजून ठरलेला नाही. १९८१ सालच्या एका वाटणीतून तो आपल्याकडे आला आहे.

इंटरनेटचा हा (आयपीव्ही४) पत्ता ३२ बिटांचा. पुढचे बिट नेटवर्कचे, मागचे यंत्राचे; दोहोंमधली रेघ कुठे पडते ते मास्क सांगतो. सप्टेंबर १९८१ मध्ये या पत्त्यांचे तीन मुख्य वर्ग ठरले: ए वर्गाच्या एका नेटवर्कात दीड कोटींहून जास्त यंत्रे, बीमध्ये ६५,५३४ आणि सीमध्ये २५४. अधलेमधले काही नाही. ३०० यंत्रांच्या संस्थेला सी अपुरा पडे. ती बी मागून घेई आणि हजारो पत्ते पडून राहत.

विद्यापीठांपुढे वेगळाच पेच होता. एका आवारात अनेक स्थानिक नेटवर्के उभी राहिली. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा, तर बाहेरच्या राउटरांच्या तक्त्यांत तेवढ्या नोंदी वाढणार. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनी १९८४ मध्ये यावर लिहिले आणि १९८५ मध्ये जॉन पोस्टेल यांच्यासह सबनेटची पद्धत प्रमाण म्हणून मांडली. यंत्राच्या वाट्याचे काही बिट घेऊन आतल्या आत वाटण्या करायच्या. वाड्यात कितीही बिऱ्हाडे असोत, टपालाला पत्ता एकच. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत देखणी वाटणारी कल्पना हीच.

१९९३ मध्ये वर्गच रद्द झाले, नेटवर्क आणि यंत्र यांच्यातली रेघ कुठल्याही बिटावर मारता येऊ लागली. तरी १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांबरोबर सी वर्गाचे माप घरोघरी टिकून राहिले.

छोट्या ऑफिसच्या वीस उपकरणांना स्लॅश २७, म्हणजे नेटवर्कला २७ बिट देणारा मास्क, पुरतो: ३२ पत्ते, त्यातला पहिला नेटवर्कचा, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा, उरले ३०. पण फोन, प्रिंटर, कॅमेरे वाढत जातात आणि खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत. म्हणून काटकसरीपायी सबनेट लहान करू नये. वाटणी करावी ती कोणाला कोणापर्यंत पोहोचू द्यायचे नाही हे पाहून: पाहुण्यांचे फोन एकीकडे, बिलांचा संगणक दुसरीकडे, आणि मध्ये राउटरवर तसा नियम. प्रत्येक वाटणीला स्लॅश २६ द्यावा, ६२ जागा मिळतात. बिलांचे सबनेट १९२.१६८.१०.० पासून सुरू केले, तर १९२.१६८.१०.६४ पासूनचा शेजारचा तुकडा मोकळा ठेवावा. पुढे जागा कमी पडली, तर मास्क एका बिटाने सैल करून १२६ यंत्रे मावतात, आणि जुन्या कोणत्याही यंत्राचा पत्ता बदलावा लागत नाही.