ऑस्कर श्मिट : एका नकाराचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राज्यें, लढाया आणि तह हींच प्रथम आमच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. खेळाडूंचीं चरित्रें इतिहासाच्या पंगतीला बसविण्यास आम्ही सहसा तयार नसतों. तीं क्रीडापत्रांनीं छापावींत आणि शाळकरी मुलांनीं वाचावींत, अशी आमची समजूत. परंतु केव्हां केव्हां एखाद्या खेळाडूचें आयुष्य एखाद्या नियमाशीं असें कांहीं गुंतून गेलेलें असतें कीं, तो नियम समजल्यावांचून तें आयुष्य समजत नाहीं, आणि तें आयुष्य पाहिल्यावांचून त्या नियमाचें खरें स्वरूप उघड होत नाहीं. ब्राझीलचा बास्केटबॉलपटु ऑस्कर श्मिट याचें चरित्र या जातीचें आहे.

ऑस्करचा जन्म १६ फेब्रुवारी १९५८ रोजीं ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील नाताल या शहरीं झाला. ब्राझीलचें नांव निघालें कीं लोकांस फुटबॉल आठवतो. पण बास्केटबॉलांतही त्या देशाची पूर्वपुण्याई लहान नव्हती. १९५९ व १९६३ या दोन्ही वर्षीं ब्राझीलनें जगज्जेतेपद मिळविलें होतें, आणि १९४८, १९६० व १९६४ च्या ऑलिंपिकांत कांस्यपदकेंही पटकाविलीं होतीं. ऑस्कर पुढें आला तेव्हां हें वैभव ओसरूं लागलें होतें. वडिलोपार्जित वाड्याची डागडुजी जशी धाकट्या पिढीच्या वांट्यास येते, तसें हें काम त्याच्या वांट्यास आलें. १९७८ सालीं मनिला येथील जागतिक स्पर्धेंत ब्राझीलला तिसरें स्थान मिळालें, त्या संघांत वीस वर्षांचा ऑस्कर होता. आणि पुढच्याच वर्षीं साओ पावलोच्या सिरिओ संघानें सारायेव्होच्या बोस्ना संघास हरवून क्लबांचें जागतिक अजिंक्यपद जिंकलें, तेव्हांही तो होता.

उंची सुमारें पावणेसात फूट, आणि हात मात्र एखाद्या सोनाराच्या हातासारखा अचूक! दूरवरून टाकलेला त्याचा चेंडू जाळींतून असा सहज पडे कीं, लोक त्याच्या हातास ‘पवित्र हात’ म्हणूं लागले. स्वतः ऑस्करला हें नांव फारसें पटत नसे. आपला हात पवित्र नसून घोटलेला आहे, असें त्याचें म्हणणें असे. आम्हांस यांत त्याच्या स्वभावाची किल्ली सांपडते. ज्यास जग दैवी देणगी म्हणून मोकळें होतें, तिच्या मागें एकाच क्रियेची हजारों वेळां केलेली आवृत्ति असते, हें त्या मनुष्यास ठाऊक होतें.

१९८२ सालीं तो इटलींत गेला. नेपल्सजवळील कासेर्ता या गांवच्या संघांत त्यानें आठ वर्षें काढलीं. नंतर तीन हंगाम पावियांत आणि दोन हंगाम स्पेनमधील व्हॅलॅडोलिड येथें तो खेळला. या सर्व काळांत तो वेतन घेऊन खेळत होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढील सर्व विनोद व विषाद या एका गोष्टींत भरलेला आहे. त्या काळीं आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा होता कीं, एन्. बी. ए. या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन संघटनेंत जो खेळेल तो धंदेवाईक. त्यास आपल्या देशातर्फें ऑलिंपिकांत किंवा जागतिक स्पर्धेंत उतरतां येणार नाहीं. इटलींत वा स्पेनमध्यें पगार घेणारास मात्र ही बंदी नव्हती! धंदा तोच, मोबदला तसाच. पण अटलांटिक महासागराच्या एका कांठावर तो सोंवळा ठरे आणि दुसऱ्या कांठावर ओंवळा.

१९८४ सालीं हा नियम ऑस्करच्या दारांत येऊन उभा राहिला. एन्. बी. ए. चे संघ दर वर्षीं पाळीपाळीनें नवे खेळाडू निवडतात; त्या वर्षीं न्यू जर्सी नेट्स या संघानें सहाव्या फेरींत, एकशें एकतिसावा म्हणून, ऑस्करचें नांव घेतलें. जगांतील सर्वांत मोठ्या रंगभूमीचें दार उघडलें होतें. अट एकच, राष्ट्राचा सदरा उतरवून ठेवावयाचा. ऑस्करनें नकार दिला.

येथें चरित्रकाराची लेखणी सैल सुटण्याचा फार संभव असतो. या नकारास ‘सर्वस्वाचा होम’ वगैरे म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें तराजू हातीं घेतला पाहिजे. एकशें एकतिसावा क्रमांक म्हणजे कांहीं सिंहासन नव्हे. तेथें गेल्यावर कदाचित् बाकावरच बसून राहण्याचा प्रसंग आला असता. उलट इटलींत त्यास मान होता, वेतन होतें, आणि चेंडू नेहमीं त्याच्याच हातीं येत होता. तेव्हां त्यानें संपत्ति सोडून दारिद्र्य पत्करलें, असें म्हणणें खोटें होईल. त्यानें सोडलें तें निराळेंच. आपण जगांतील उत्तमांच्या तोडीचे आहों कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर मिळविण्याची संधि त्यानें सोडली. मानी मनुष्यास हा त्याग पैशाच्या त्यागाहून हलका वाटत नसावा.

या प्रश्नाचें अर्धेंमुर्धें उत्तर तीन वर्षांनीं मिळालें. २३ ऑगस्ट १९८७ रोजीं अमेरिकेंतच, इंडियानापोलिस येथें, पॅन-अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अमेरिकेच्या संघांत एन्. बी. ए. चे कोणी नव्हते. कॉलेजांत शिकणारे व तेथून नुकतेच बाहेर पडलेले ते तरुण होते. पण त्यांत डेव्हिड रॉबिन्सनसारखे पुढें कीर्तीस चढलेले वीर होते. मध्यंतरास अमेरिका ६८ आणि ब्राझील ५४! पुष्कळांनीं सामना संपला असेंच मानलें असेल. परंतु दूरच्या रेषेबाहेरून टाकलेल्या चेंडूस दोनांऐवजीं तीन गुण देण्याची पद्धत १९८४ सालीं आंतरराष्ट्रीय खेळांत आली होती. एका नियमानें ऑस्करची वाट अडविली होती, दुसऱ्यानें ती मोकळी केली. उत्तरार्धांत एकट्या ऑस्करनें ३५ गुण केले. त्याच्या एकंदर ४६ गुणांना मार्सेल या सहकाऱ्याच्या ३१ गुणांची जोड मिळाली, आणि ब्राझीलनें १२० विरुद्ध ११५ असा विजय मिळविला.

या पराभवामुळेंच अमेरिकेचे धंदेवाईक खेळाडू ऑलिंपिकांत आले, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. घटनांचा क्रम पाहतां हें विधान जसेंच्या तसें टिकत नाहीं. बंदी उठविण्याचा ठराव १९८६ सालींच, म्हणजे या सामन्याच्या आधीं, माद्रिद येथें येऊन थोडक्या मतांनीं फेटाळला गेला होता. आंतरराष्ट्रीय संघटनेचे चिटणीस बोरिस स्टान्कोविच यांनीं त्याचा पिच्छा पुरविला होता. १९८७ चा इंडियानापोलिसचा आणि १९८८ चा सोलचा, अशा अमेरिकेच्या दोन पराभवांनीं वाऱ्याची दिशा अधिक स्पष्ट केली, इतकेंच म्हणतां येईल. १९८९ च्या एप्रिलांत म्यूनिक येथें ५६ विरुद्ध १३ मतांनीं बंदी उठली. ज्या भिंतीपुढें ऑस्करनें पाठ फिरविली होती ती कोसळली. पण तोंवर त्याचें वय एकतीस झालें होतें. तीन वर्षांनीं बार्सेलोना येथें तेच अमेरिकन वीर, जॉर्डन आणि बर्ड यांच्यासह, ब्राझीलसमोर उभे राहिले आणि १२७ विरुद्ध ८३ असे जिंकले. ऑस्करनें त्यांत २४ गुण केले.

१९८० पासून १९९६ पर्यंत सलग पांच ऑलिंपिकांत तो खेळला. त्यांत त्यानें एकंदर १,०९३ गुण केले. १९८८ सालीं स्पेनविरुद्ध एकाच सामन्यांत ५५ केले. परंतु ज्यासाठीं सारा अट्टाहास, तें पदक? पांचवें, नववें, पुन्हां दोनदां पांचवें आणि शेवटीं सहावें, हीं ब्राझीलचीं स्थानें. पदक एकदांही नाहीं. टीकाकार म्हणत कीं, तो चेंडू फार वेळां स्वतःच टाकतो आणि बचावाकडे दुर्लक्ष करतो. हा आक्षेप अगदींच निराधार नव्हता. कासेर्ता संघ त्याच्या कारकीर्दींत दोनदां अंतिम फेरींत हरला, आणि तो निघून गेल्यावर १९९१ सालीं तोच संघ इटलीचा विजेता झाला! १९८९ सालीं अथेन्स येथें एका युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यानें ४४ गुण केले. पण समोर पेत्रोविचनें ६२ केले आणि रेआल माद्रिद ११७ विरुद्ध ११३ अशी जिंकली. दैव असें कीं, त्याच्या पराक्रमाच्या पानावर दुसऱ्याच्या विजयाची नोंद व्हावी.

१९९५ सालीं तो मायदेशीं परतला आणि २००३ सालीं, पंचेचाळीसाव्या वर्षीं, फ्लामेंगो संघांतून निवृत्त झाला. क्लब व राष्ट्र मिळून त्याचे ४९,७३७ गुण सांगतात. निरनिराळ्या देशांचीं नाणीं एका थैलींत घालून केलेली ही बेरीज आहे. तिच्यावरून मोठेपणा ठरवूं नये. त्याहून बोलका पुरावा निराळा आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, जेथें १८९१ सालीं हा खेळ जन्मास आला, तेथील कीर्तिमंदिरांत २०१३ सालीं ऑस्करला स्थान देण्यांत आलें. ज्या रंगभूमीवर त्यानें एकदांही पाऊल ठेवलें नाहीं, तिच्याच भूमीनें त्याचा गौरव केला.

नकार फळला कीं नाहीं, असें कोणी विचारील तर आम्ही पदकांची यादी पुढें करूं शकत नाहीं. परंतु निवडीचें मोल तिच्या फळावरून ठरवावयाचें झाल्यास जगांत जुगार तेवढा शहाणपणाचा ठरेल. अधिक मोठें कोठें होतां येईल हा एक प्रश्न, आणि आपण कोणाचे हा दुसरा. पुष्कळ घरांतील कर्त्या मुलांपुढें हे दोन प्रश्न एकाच दिवशीं उभे राहतात, आणि दोहोंचें उत्तर एकच येईलच असें नाहीं. ऑस्करनें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं दिलें, आणि पहिला अनुत्तरित राहिला म्हणून त्याचें ओझें इतरांच्या माथीं मारलें नाहीं. पुढें नियम बदलला. नियम बदलतात. पण ते बदलण्यापूर्वीं मनुष्य कसा वागला, हें लिहून ठेवणें इतिहासाचें काम आहे.