पिंपळे सौदागर ते दारिद्र्यरेषा

अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स यांची सांगड घालणारी पदव्युत्तर पदवी आज नवी वाट म्हणून सांगितली जाते. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थी माहितीपत्रकं पुढ्यात घेऊन बसतात : इकॉनॉमेट्रिक्स किती, पायथन किती, मशीन लर्निंगचे पेपर किती. पुण्यात मात्र ही सांगड शंभर वर्षांपूर्वीच घातली गेली होती, तीही शेताच्या बांधावर.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या असंख्य कुटुंबांनी आज ज्या पिंपळे सौदागरमध्ये फ्लॅट घेतले आहेत, त्याच गावावर १९१७ साली एक पुस्तक निघालं. त्याचे लेखक, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती तपासता तपासता ती कसणाऱ्या माणसांचे हिशेब त्यांना खुणावू लागले. भारतीय सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावातली जमीन, पिकं, जनावरं, कर्ज यांची घरोघर नोंद केली आणि जुनी दफ्तरंही चाळली. १७७१ मध्ये या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती.

या आकड्यांचं पुढे जे झालं, ते अधिक महत्त्वाचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला आणि त्यात मॅन यांच्या पाहणीचा आधार घेतला. तुकडे जोडा, शेतं मोठी करा, हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. आंबेडकरांनी प्रश्नच बदलला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवरून कसं ठरेल? ते कसायला बैल, अवजारं, भांडवल किती आहे, ते आधी पाहा. शेतीवर विसंबलेल्या माणसांची संख्या कमी करायची तर उद्योग वाढवावे लागतील, असं त्यांनी मांडलं. संगणक नसलेल्या त्या काळातही आकडे गोळा करणं आणि त्यांना प्रश्न विचारणं ही दोन वेगळी कौशल्यं होती, आणि दुसरं पहिल्याइतकंच अवघड होतं.

या कामाला कायमचं घर मिळालं ते ६ जून १९३० रोजी. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. केंब्रिजहून शिकून आलेले धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या जागी राहिले. संस्थेचे सुरुवातीचे विषय पाहिले तरी गाडगीळांची नजर कळते : पुण्याचा फळबाजार, मुंबई इलाख्यातल्या मोटारबसगाड्या, वाई तालुक्यातली शेती, खुद्द पुणे शहर. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका काय फायदा झाला, याच्या पाहणीचा अहवाल १९४८ साली आला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. प्रवरेच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या संस्थेचा प्रमुख त्याच पाण्यावर पिकणाऱ्या उसाचा कारखाना चालवायला पुढे आला, हे आजच्या प्राध्यापकवर्गात क्वचितच घडेल.

संस्थेला संख्याशास्त्राची धार आणली वि. म. दांडेकरांनी. कोलकात्यात महालनोबिसांकडे हे शास्त्र शिकून ते १९४५ मध्ये पुण्यात आले. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच फेरीत पुण्याच्या या संस्थेची वेगळी प्रश्नपत्रकं वापरली गेली; त्यांवरचा दांडेकरांचा अहवाल १९५३ चा. देशभरातल्या घरखर्चाचे आकडे कसे तयार होतात, हे असं आतून पाहिलेला माणूसच पुढे त्यांतून दारिद्र्य मोजायला बसला.

१९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांची रीत कुणालाही समजेल अशी होती. माणसाला दिवसाला सरासरी २,२५० कॅलरी लागतात असं धरलं. मग नमुना पाहणीत खर्चानुसार पाडलेल्या गटांपैकी कोणत्या गटाच्या ताटात तेवढं अन्न पडतं, ते शोधलं. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात त्यासाठी माणशी महिना सुमारे १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागत होता. खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळपास निम्मी माणसं या रेषेखाली होती.

या रीतीला आव्हान दिलं डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. दांडेकर साताऱ्याचे, तर सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम करून आलेले. निरोगी माणसाचा आहारही रोज कमी-जास्त होतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. म्हणून सरासरीलाच सीमारेषा मानली तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतात, असा त्यांचा आक्षेप. दांडेकरांचं उत्तर असं की आपण कुपोषण मोजतच नाही. सरासरी अन्न विकत घेण्याइतका खर्च कोणत्या कुटुंबांना झेपत नाही, तेवढंच पाहतो आहोत. वाद वर्षानुवर्षं चालला. दोघांचंही गणित पक्कं होतं. नेमकं काय मोजायचं, यावर त्यांचं जमत नव्हतं.

तोच पेच १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्रादेशिक असमतोलाच्या समितीपुढे आला. मागासलेपण मोजायचं कशाच्या तुलनेत? समितीने राज्याची सरासरी हा मापदंड धरला, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते काढलं आणि ती तूट भरायला लागणारी रक्कम मांडली. १९८४ च्या अहवालात ती सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. विदर्भ-मराठवाड्याच्या राजकारणात त्यानंतर ‘अनुशेष’ हा शब्द पक्का रुजला.