अमोनिया, नव्या मत्स्यटाकीतील

नव्याने मांडलेल्या घरगुती काचेच्या टाकीत मासे सोडल्यानंतर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत पाण्यातील अमोनियाचे प्रमाण माशांना घातक पातळीपर्यंत चढण्याची अवस्था. दुकानातून आणलेले धडधाकट मासे आठवड्या-दोन आठवड्यांत एकामागून एक मरतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. पाणी नितळ दिसते, त्याला वास येत नाही, म्हणून दोष दुकानदाराला, माशाच्या जातीला किंवा नशिबाला दिला जातो. वास्तूसाठी टाकी ठेवणाऱ्या कित्येक घरांत मासा मेला की घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले, असे मानतात. या समजुतीने माणसाचे समाधान होते. पण टाकीत तसाच नवा मासा येतो आणि तोही त्याच कारणाने मरतो. हे मरण टाळता येते, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान अवघड नाही.

उगम : माशाने खाल्लेल्या प्रथिनांतील जादा नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे थेट पाण्यात उतरतो. सस्तन प्राण्यांना त्याचे युरियात रूपांतर करावे लागते. माशाला तशी गरज नाही, कारण नदीचे किंवा तळ्याचे पाणी तो अमोनिया पातळ करून दूर नेते. ४० लिटरच्या टाकीत तो नेणारे कोणी नसते. त्यात न खाल्लेले दाणे, विष्ठा, कुजलेली पाने आणि खडीखाली अडकून राहिलेला एखादा मेलेला मासा किंवा गोगलगाय यांची भर पडते. गोल्डफिश भरपूर खातो आणि त्याच प्रमाणात अमोनिया सोडतो. पाच लिटरच्या गोल बाऊलमध्ये त्याला ठेवणे म्हणजे त्याला त्याच्याच उत्सर्जनात कोंडणे होय.

नळाच्या पाण्यातूनही थोडा अमोनिया येऊ शकतो. अमेरिकेतील अनेक शहरांत पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरामाइन वापरतात. सोडियम थायोसल्फेटने (दुकानातले ‘अँटीक्लोरीन’) क्लोरामाइन मोडले की त्यातला अमोनिया सुटा होतो. तिकडे राहून टाकी मांडणाऱ्यांनी नळाचे पाणी आधी तपासावे. साधे क्लोरीन बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्यातून उडून जाते, क्लोरामाइन तसे जात नाही.

दोन रूपे आणि पीएच : पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम आयन, तो बराच निरुपद्रवी. कोणते रूप किती हे पाण्याचा पीएच आणि तापमान यांवर ठरते. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.७ टक्के मुक्त असतो, पीएच ८ ला तो ६.५ टक्क्यांच्या घरात जातो आणि ८.५ ला १८ टक्क्यांवर. मुक्त अमोनिया लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिला की कल्ल्यांना इजा होऊ लागते असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे चाचणीत एकूण अमोनिया १ पीपीएम (लिटरला एक मिलिग्रॅम) दिसला तर पीएच ७ च्या टाकीत मुक्त अमोनिया या मर्यादेच्या बराच खाली असतो, तर पीएच ८ च्या टाकीत तिच्या तिप्पट. मुंबईला तलावांतून येणारे पाणी मऊ असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी पुष्कळदा जड आणि अल्कधर्मी असते. एकच सल्ला दोन घरांत वेगळे फळ देतो, त्याचे कारण इथे आहे. उन्हाळ्यात पाणी तापले की मुक्त अमोनियाचा वाटा आणखी वाढतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो.

जिवाणूंचे काम : जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया साचत नाही, कारण फिल्टरचा स्पंज, खडी आणि काचा यांवर वाढलेला जिवाणूंचा थर तो सतत खात असतो. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलताना निघून जाते. नव्या टाकीत हा थर नसतो. तो यायला वेळ लागतो, कारण हे जिवाणू फार सावकाश वाढतात. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, यांना त्यासाठी अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. सुरुवातीला अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो उतरू लागतो आणि नायट्राइट चढते, मग तेही शून्यावर येते. या साऱ्या क्रमाला मासे पाळणारे ‘टाकी सायकल होणे’ म्हणतात.

हे ज्ञान हळूहळू जमले. १८५० मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवून टाकीचा समतोल साधतो हे दाखवले. घरगुती मत्स्यटाकीचा पाया त्या प्रयोगाने घातला. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स यांनी सांडपाणी वाळू व चुनखडीच्या थरातून जाऊ दिले. अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले, आणि क्लोरोफॉर्म सोडताच ते थांबले. काम सजीवांचे आहे हे त्यातून ठरले. पुढे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हे काम दोन टप्प्यांत होते असे दाखवणारे रॉबर्ट वॉरिंग्टन हे त्याच लंडनच्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. वडिलांनी टाकी मांडली आणि ती जिवंत कशामुळे राहते याचे उत्तर मुलाने मातीत शोधले, हा योग विलक्षण आहे. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून वाढवले.

दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पाठ्यपुस्तके बराच काळ नायट्रोबॅक्टरला देत आली. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले. २००५ मध्ये सिअॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातील एका टाकीच्या खडीतून अमोनिया खाणारा आर्किया गटातला सूक्ष्मजीव मिळाला, आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा जाहीर झाला. त्यावरच्या एका संशोधनाचा नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच आला होता. ‘जिवाणूंची बाटली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक उत्पादनात यांतले योग्य जीव जिवंत असतीलच असे नाही. उन्हात तापलेल्या दुकानातल्या फळीवर महिनोन् महिने पडलेल्या बाटलीवर तर भिस्त ठेवू नये.

लक्षणे : मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासतात, कल्ले लालभडक होतात, पर अंगाशी मिटतात, खाणे सुटते, काही मासे तळाशी निपचित पडतात. पृष्ठभागावर धापा टाकणे हे ऑक्सिजन कमी पडल्याचे किंवा नायट्राइट वाढल्याचेही लक्षण आहे, म्हणून डोळ्यांवर न विसंबता पाणी तपासावे. फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे तो काटक वाटतो. पण त्याचे कल्लेही याच पाण्यात असतात आणि अमोनियाने तितकेच भाजतात.

मोजणी : थेंबांच्या चाचणी-संचाने एकूण अमोनिया मोजतात. सॅलिसिलेटवर आधारित संचात रंग पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो. नेसलर पद्धतीत तो पिवळ्याकडून तपकिरीकडे जातो. नेसलरच्या द्रावणात पारा असतो, तेव्हा ते लहान मुलांपासून दूर ठेवावे आणि मोरीत ओतू नये. अमोनिया बांधणारे औषध घातले असेल तर नेसलर चाचणी चुकते. सॅलिसिलेट चाचणी बांधलेला अमोनियाही दाखवते, म्हणून औषधानंतर आकडा उतरला नाही याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा होत नाही. पीएचची चाचणी सोबत केल्याशिवाय अमोनियाच्या आकड्याला अर्थ नाही. ज्याला एकच संच परवडतो त्याने महागड्या सजावटीऐवजी तो घ्यावा.

तातडीचे उपाय : पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी बदलणे. क्लोरीन काढलेले, टाकीइतक्याच तापमानाचे पाणी घेऊन निम्मे बदलावे. ४ पीपीएम असेल तर एका बदलाने २ उरतात, पुढच्याने १, म्हणून एकाच वेळी समाधान मानू नये. रोज मोजावे आणि एकूण अमोनिया ०.५ पीपीएमच्या खाली येईपर्यंत रोज बदलावे. पाणी बदलल्याने सायकल मागे पडते हा गैरसमज आहे. जिवाणू पृष्ठभागांवर चिकटून असतात, पाण्यात ते नगण्य असतात.

दाणे दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवावेत. निरोगी प्रौढ मासा त्याने मरत नाही, आणि अमोनियाचा मुख्य झराच आटतो. नंतरही एक दिवसाआड चिमूटभरच द्यावे. एअर पंप चोवीस तास चालू ठेवावा, कारण दुखावलेल्या कल्ल्यांना ऑक्सिजन लागतो आणि जिवाणूंनाही. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेताना सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. अमोनिया बांधणारे औषध उपयोगी पडते, पण एक-दोन दिवसांपुरतेच. ती उसंत आहे, तिचा फायदा घेऊन पाणी बदलत राहावे. ‘अँटीक्लोरीन’ अमोनियावर काहीच करत नाही.

झिओलाइट हे खनिज अमोनियम शोषून घेते. यासाठी क्लिनोप्टिलोलाइट वापरतात. त्याचा जवळचा नातलग हेउलँडाइट दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत सुंदर स्फटिकांच्या रूपात सापडतो. झिओलाइटला मिठाच्या पाण्यात बुडवून पुन्हा कामाजोगे करता येते, आणि नेमक्या याच कारणाने झिओलाइट असलेल्या टाकीत खडे मीठ टाकणे धोक्याचे आहे. शोषलेला अमोनिया ते परत पाण्यात सोडते. आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर खडे मीठ टाकण्याची सवय आहे, म्हणून हे ठळकपणे नोंदवायला हवे. मिठाचा खरा उपयोग नायट्राइट चढल्यावर होतो. त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम एवढे त्यासाठी पुरते.

‘निळे औषध’ म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. मासे निस्तेज दिसले की ते टाकीत ओतायला सांगितले जाते. अमोनियावर त्याचा इलाज नाही, उलट फिल्टरमधल्या जिवाणूंना ते मारते. औषध द्यायचेच असेल तर आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून द्यावे.

आधीची तयारी : सर्वांत चांगला मार्ग मासे आणण्यापूर्वी टाकी तयार करण्याचा. फिल्टर चालू करून पाण्यात नवसागर घालावा. १०० लिटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास शुद्ध नवसागराने सुमारे २ पीपीएम अमोनिया येतो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर अशुद्ध असू शकतो, प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. तो अमोनिया संपत आला की पुन्हा घालावा. २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य राहिले की टाकी तयार झाली. त्यानंतर मोठे पाणी बदलून मासे आणावेत, तेही थोडे थोडे.

ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणावा आणि ओला ठेवूनच आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. आठवड्यांचे काम यामुळे काही दिवसांवर येते. कोणत्याही बाटलीपेक्षा हा तुकडा मोलाचा आहे. हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या भराभर वाढणाऱ्या पाणवनस्पती आणि मुळे पाण्यात सोडलेला मनी प्लांट अमोनियम थेट शोषतात.

धुण्याची सवय : महिन्या-दोन महिन्यांनी मासे बादलीत काढून टाकी पूर्ण रिकामी करणे, खडी आणि स्पंज नळाखाली खळखळून धुणे, काचा चकचकीत पुसणे ही पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे की पैसे घेऊन घरी येऊन हेच करून देणारी माणसे असतात. स्वच्छतेच्या हेतूने केलेल्या या कामामुळे टाकी दर वेळी नव्याने नवी होते. क्लोरीनयुक्त पाण्याने जिवाणूंचा थर मरतो आणि अमोनियाची चढण पहिल्यापासून सुरू होते. धुतल्यानंतर तीन-चार दिवसांनी मासे मेले, ही तक्रार म्हणूनच ऐकू येते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, खडीतला गाळ नळीने ओढून घ्यावा आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. एवढे पुरेसे आहे.

मऊ पाण्याची टाकी : जिवाणूंच्या कामात पाण्यातील अल्कता खर्च होते, त्यामुळे मऊ पाण्याच्या टाकीत पीएच हळूहळू घसरतो. तो ६ च्या आसपास उतरला की जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनियम साचू लागते. त्या पीएचला ते फारसे बाधत नाही. पण अशा वेळी सोडा टाकून पीएच झटकन चढवला किंवा एकदम भरपूर जड पाणी ओतले तर त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि काही तासांत मासे दगावतात. अशा टाकीत पाणी रोज थोडे थोडे, दहा-पंधरा टक्क्यांनी बदलत जावे, आणि अमोनिया उतरल्यावरच शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये ठेवून अल्कता वाढवावी.

वीज जाणे : फिल्टर काही तास बंद राहिला की स्पंजातल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये हे लवकर होते. वारंवार वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवावा. तो नसेल तर डबा उघडून स्पंज टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवावा, मग्ग्याने पाणी वरून ओतत राहावे आणि वीज येईपर्यंत दाणे घालू नयेत. बराच वेळ बंद राहिलेला डबा तसाच चालू केला तर आत कुजलेले पाणी टाकीत उतरते, म्हणून ते आधी ओतून द्यावे. पुढचे तीन-चार दिवस अमोनिया रोज मोजावा.